न सांगितलेला नवस

धाकट्या भावाचं लिव्हर निकामी झालं, तेव्हा माझ्या लिव्हरचा तुकडा त्याला द्यायचं ठरलं. घरात बाकी कोणाचं जुळतच नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि त्याआधी माझं रक्त शेवटचं तपासलं. रिपोर्टमधल्या दोन आकड्यांवर त्यांनी पेनानं खूण केली. एसजीओटी आणि एसजीपीटी, लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणारे पदार्थ, दोन्ही वाढलेले. महिन्याभरापूर्वी हेच आकडे चांगले होते. "तुमच्याच लिव्हरला इजा झाली असेल तर ते घेता येणार नाही," ते म्हणाले. काही गोळ्या घेतल्या का, कावीळ झाली का, अंगमेहनतीचं काही केलं का, असं एकेक विचारलं. मी सगळ्याला नाही म्हणत गेले.

शेवटचं 'नाही' खोटं होतं. दोनच दिवस आधी मी सौंसरहून जामसांवलीच्या मारुतीपर्यंत रस्ताभर दंडवत घालत गेले होते. आडवं व्हायचं, उठायचं, दोन पावलं टाकून पुन्हा आडवं व्हायचं. भावासाठी बोललेला नवस होता तो. पण आमच्याकडे नवस फळेपर्यंत तोंडातून काढत नाहीत. मी तर घरी रामाकोन्याला माहेरी जाते असं सांगून निघाले होते. माझ्या तोंडानं नवस फुटला आणि भाऊ गेला तर, ही भीती मनात घट्ट बसली होती. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी देवावरही भडकले. जीव तोडून तुझ्या दारात आले आणि तू माझंच रक्त बिघडवलंस, असं त्याला नाही नाही ते बोलले.

डॉक्टरांनी खात्रीसाठी बोलावलं होतं म्हणून सकाळी पुन्हा रक्त द्यायला गेले. रक्त घेणारी मुलगी नवीन होती. पदर सरकवून मी हात पुढे केला, तर ती सुई धरून थांबली.

"काकू, हे कोपरं कायनं सोलले हो?"

"आंगणात पडली मी."

"दोन्ही कोपरं सारखेच? मी पांढुर्ण्याची आहो काकू. माही माय दंडवत घालून आली होती, तिचे असेच झाल्ते. डॉक्टरले सांगतलं का तुम्ही?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला रडूच फुटलं. नवस सांगायचा नसतो गं, एवढंच म्हणाले. ती माझ्या हातावर कापूस दाबत म्हणाली, "देवाले तर सारं ठाऊकच आहे. ज्याले ठाऊक नाही त्याले सांगा."

मी तशीच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत, रागावले मात्र. म्हणाले, पेशी दुखावल्या की हे पदार्थ रक्तात उतरतात, पण ते लिव्हरमध्ये असतात तसे स्नायूंमध्येही असतात. मग त्यांनी सीपीके तपासायला लावलं, जे मुख्यतः स्नायूंतून येतं. ते भलतंच वाढलेलं निघालं, म्हणजे इजा लिव्हरला नसून दंडवतांनी स्नायूंना झाली असावी. "दहा दिवस काही करू नका. मग पुन्हा पाहू." तोवर भाऊ तग धरेल का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ते दहा दिवस मला दंडवतांपेक्षा जड गेले. मी सतत कामात राहणारी बाई. निजून राहणं मला कधी जमलं नाही. पारायण नाही, उपास नाही, साधी घागर उचलायची नाही. पडल्या पडल्या जामसांवलीचा मारुती आठवायचा. तोही आडवाच पहुडलेला आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझं मागणंही थांबलं. भाऊ तुझा, मी तुझी, तू पाहून घे, इतकंच मनात उरलं.

अकराव्या दिवशी रिपोर्ट चांगला आला. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

त्या मुलीला नंतर शोधलं, तर ती कोणाच्या तरी सुटीपुरती बदली आली होती, असं दवाखान्यातले लोक म्हणाले. नाव विचारायचं राहूनच गेलं माझं. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं म्हणावं, मी वाद घालत नाही. मी तेव्हा देवाला माझी मेहनत देऊन त्याच्याकडून भाऊ मागत होते. त्यानं मेहनत घेतलीच नाही, ती आधी माझ्या अंगातून उतरू दिली, आणि मग भाऊ दिला.