खाडीत अडकलेली दुपार

माझं माहेर शहागडचं. लहानपणीच गोदावरीत पोहायला शिकले, त्यामुळं पाण्याची भीती मला ठाऊकच नाही. आमचे हे भोकरदनकडचे, शेतातच वाढलेले. त्यांना पोहता येत नाही. तरी कोकणातल्या एका वीस-पंचवीस घरांच्या गावाला जायचं मी ठरवलं. तिथं कयाकमधून, म्हणजे दोघांच्या अरुंद होडीतून, खाडीतली पाणमांजरं दिसतात असं लेकीनं सांगितलं होतं.

होडी देणाऱ्या बाईंनी आम्हाला जॅकेटं घातली, वल्हं धरायला शिकवलं आणि ओहोटीचं पाणी फार उतरायच्या आत, दहापर्यंत परत या म्हणून दोनदा बजावलं. मी मान हलवली. ह्यांना पुढं बसवलं. होडी इतकी सरळ चालली, की मला माझ्याच हातांचं कौतुक वाटायला लागलं. खारफुटीतल्या एका चिंचोळ्या फाट्यात मी ती घातली. परत फिरायचं का, असं ह्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, अजून थोडं.

अकराच्या सुमारास पाणी खालून निघूनच गेलं. होडी चिखलावर बसली. उतरून ढकलते म्हणत मी पाय बाहेर काढला, तसा ह्यांनी माझा दंड धरला.

"पाय टाकू नको. काळ्या रानातल्या चिखलात बैल फसलेला पाह्यलाय मी."

त्यांनी वल्हं चिखलात खुपसलं. ते निम्मं आत गेलं. मी पाय गुमान आत घेतला.

"मंग आता?"

"बसायचं. पाणी गेलंय तसं येईल."

सोबतच्या दशम्या आम्ही तिथंच खाल्ल्या. तासाभरानं समोरच्या काठावर चार पाणमांजरं आली. एकानं मासा धरून डोक्याकडून कराकरा खाल्ला, बाकीची चिखलात लोळली. आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो. ह्यांनी माझा दंड अजून सोडला नव्हता.

तीनच्या सुमारास होडी हलली. फाट्याच्या तोंडाशी त्या बाई दुसऱ्या होडीतून शोधत येताना भेटल्या. चांगल्याच रागावल्या, आणि ते बराबरच होतं. चूक माझी, असं मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा होडी मागितली. बाईंनी आधी ह्यांच्याकडं पाहिलं.

"द्या," हे म्हणाले. "परत फिरायचं कधी ते आज मी सांगीन."

वल्हं मात्र मीच मारलं.