कोरगावचा पाला

कोरगावचे एक काजू बागायतदार जखमेवर पाला द्यायचे. पेडण्याच्या आसपासची माणसे पू झालेले हातपाय घेऊन त्यांच्याकडे येत. पाला ओळखू येणार नाही असा वाटूनच ते हातावर ठेवत. झाड कोणते ते सांगितले की देणाऱ्याच्या हाताचा गुण जातो, असे त्यांच्या घरात मानत.

मला बातमी हवी होती. एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाला तपासायला तयार होती, पण तिला वाटलेला लगदा नको होता, अखंड फांदी हवी होती. मी बागायतदारांकडे तीन वेळा गेलो.

"काका, पेपरात तुमचा फोटो येईल."

"फोटोचा काय लोणचा घालू?" ते हसले. तिसऱ्या खेपेला मात्र, मला पुन्हा रिकाम्या हाती पाठवणे जिवावर आले असावे, त्यांनी झाड दाखवले.

अहवाल चांगला आला. पानांत जखम सुकवणारे टॅनिन होते आणि काचेच्या बशीत रसाच्या थेंबाभोवती जंतू वाढले नव्हते. तो कागद घेऊन मी गेलो, तेव्हा अंगणात पायाला फडके गुंडाळलेली एक बाई बसली होती. तिला ते आरोग्य केंद्रात जायला सांगत होते.

"काका, पाला खरंच लागू पडतो. हे बघा."

"पाल्याचो गुण आसा रे. माझ्या हाताचो गेलो. तुका झाड सांगलंय न्हय?"

झाडाचे नाव मी बातमीत छापले नाही. बाईला मोटारसायकलवरून आरोग्य केंद्रात सोडले. काकांनी आज पाला का दिला नाही, असे तिने वाटेत विचारले. ठाऊक नाही, असे मी म्हणालो.