टोपी बसवायचा चिमटा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज सौदीत, खोबर शहरात मुलाच्या घरी ईदसाठी अडकित्त्यानं बदाम कातरत होतो. सून म्हणाली, "अब्बा, बोटं सुजलीत. द्या, मिक्सरला लावते." शेजारी वेलची कुटलेली होती. त्या वासासरशी मी मनानं बुरैदाला पोचलो, माझ्या जुन्या नोकरीच्या गावी.

माझा तिथला म्हातारा कफील, म्हणजे मालक, अबू सालेह शिकारीची काडतुसं घरीच भरायचा. काडतुसाच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी दाबायचा त्याचा हातचिमटा मोडला, तेव्हा नवा आणायला त्यानं मला धाडलं. दुकानात चिमटा होता, टेबलाला जखडायचं दांड्याचं यंत्रही होतं. त्याची वाकडी बोटं आठवून मी यंत्र घेतलं.

"चिमटा खलास?" त्यानं विचारलं.

"खलास, शेख."

पूर्वी तो चिमटा घेऊन गालिच्यावर मित्रांत बसायचा. वेलचीचा गहवा, ती अरबी कॉफी, पीत "तुझा चहा म्हणजे नुसता पाक," अशी माझी थट्टा करायचा. यंत्र आल्यावर मागच्या खोलीत टेबलापाशी एकटाच बसू लागला. मला मात्र त्याचं भलं केल्याचं समाधान होतं.

सुनेला म्हटलं, "राहू दे गं. तुमच्यात बसून कातरायला बरं वाटतं." तिनं हसून उरलेले बदाम माझ्यापुढे सारले.

अबू सालेह, दुकानात चिमटा होता. मला माफ कर.