आईची पोटरी आणि माझं पत्रक

माझ्या आईच्या डाव्या पोटरीत रक्ताची गाठ झाली, आणि साऱ्या तारकर्लीने तिचा दोष माझ्या पत्रकाला दिला.

आधी पत्रकाबद्दल सांगतो. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि समाज बदलण्याची मला फार घाई होती. (समाजाला नव्हती.) वडील मुंबईला गोदीत कामाला. गावी येताना ते खाऊऐवजी सभांमध्ये वाटलेली पत्रकं आणत, आणि त्यांवरच मी वाचायला शिकलो. मोठा झाल्यावर मालवणच्या छापखान्यातून मी स्वतःचं पत्रक काढलं: ‘वाकू नका!’ पाचशे प्रती. यापुढे कोणी कोणाच्या पायांना हात लावणार नाही, सून सासूचे पाय चेपणार नाही, माणूस माणसासमोर ताठ उभा राहील! यामागे एक कारण होतं. आईने अकरा वर्षं आजीचे पाय चेपले, आणि तिचे पाय चेपताना मात्र मी कधी कोणाला पाहिलं नाही. हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं. एवढ्या जहाल मजकुरात आईला जागा उरली नाही.

दोनशे प्रती मी कट्ट्याच्या बाजारात वाटल्या. लोकांनी त्या लगेच वापरात आणल्या. एका बाईने माझ्यादेखत त्यांत सुके बांगडे बांधले. उरलेल्या तीनशे घरी माळ्यावर गेल्या.

त्याच वर्षी आईला विषमज्वर झाला. तीन आठवडे ती खाटेवरून उठली नाही. ताप उतरला, आम्ही देवाला नारळ दिला (मी दिला नाही, बाजूला उभा होतो), आणि दोन दिवसांनी तिची डावी पोटरी सुजून लाल झाली. हात लावला तर चटका बसावा अशी तापली.

मालवणहून डॉक्टर सायकलवर आले. पोटरी पाहून त्यांनी मला ओटीवर नेलं.

“शिरेत रक्ताची गाठ झालीय. ती जागच्या जागी राहिली तर हळूहळू विरेल. मी इंजेक्शनं देतो. पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, खाली उतरायचं नाही, आणि काही झालं तरी पाय चेपायचा नाही. गाठ सुटून वर गेली, तर मी सायकल काढेपर्यंत सगळं संपलेलं असेल.”

मी मान हलवली. 

आता आमच्याकडची रीत अशी, की आजाऱ्याला भेटायला गेलं की नुसतं ‘कसा आसा?’ विचारून भागत नाही. खाटेच्या पायथ्याशी बसायचं आणि बोलता बोलता त्याचे पाय चेपायचे. जो चेपत नाही तो तोंडदेखला आला, असं धरतात. आणि आईवर तर गावाचा जीव! पहिले आले शेजारचे भिकूकाका.

“वयनी, कसा आसा?” म्हणत ते बसले, आणि त्यांचा हात पोटरीकडे निघाला.

“काका, हात लावू नकात!” मी ओरडलो.

“कित्याक रे?”

“डाक्टरान सांगल्यान!”

भिकूकाकांनी माझ्याकडे सावकाश पाहिलं. “डाक्टरान सांगल्यान, की तुझ्या कागदान?”

झालं! हा प्रश्न संध्याकाळपर्यंत गावभर फिरला. पत्रकवाल्याने स्वतःच्या आवशीचे पायसुद्धा कोणाला चेपू दिले नाहीत! मी दारावर मोठ्या अक्षरांत सूचना लावली: ‘या घरातील रुग्णाच्या पायास स्पर्श करू नये.’ लोकांनी ती पत्रकाची दुसरी आवृत्ती समजून वाचली. मी रागावलो. रागावलो की मी छापील भाषेत बोलतो, त्यामुळे लोकांची उरलीसुरली शंकाही फिटली.

सगळ्यांत अवघड होतं ते आईचं.

“दी रे तेंका वायच चेपूक,” ती हळूच म्हणाली. “माझे पाय कोणी कधी चेपूक नाय.”

मी भिंतीकडे बघत “नको” म्हटलं. साऱ्या आयुष्यात मी एवढं खरं आणि एवढं निर्दय काही बोललो नव्हतो.

चौथ्या दिवशी मिठबावची आते आली, वडिलांची थोरली बहीण. पिशवीत दुखऱ्या पायाला चोळायच्या उंडीच्या तेलाची बाटली. मी तिला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. एवढ्या शांतपणे आतेने आजवर कोणाचंच ऐकलं नव्हतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं! मी विहिरीवर गेलो, कळशी भरली, परत आलो, तर आते पायथ्याशी बसलेली, तळहातावर तेल, आणि दोन्ही हात आईच्या डाव्या पोटरीवर!

कळशी माझ्या हातून पडली. मी असा ओरडलो, की वाडीतले कुत्रे भुंकू लागले.

“छातीत धडधडता रे,” आई म्हणाली.

पुढचं मला नीट आठवत नाही. भिकूकाकांची सायकल न विचारता उचलली, मालवण गाठलं, डॉक्टर माझ्याआधी निघाले. आम्ही परतलो तेव्हा आते कोपऱ्यात बसून तेलकट हात लुगड्याला पुन्हा पुन्हा पुसत होती.

डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी पाहिली, पुन्हा छाती तपासली. त्या वेळात मी कोणकोणत्या देवांची नावं घेतली, ते इथे लिहिणार नाही. माझे वाचक तत्त्वनिष्ठ आहेत.

“गाठ हललेली दिसत नाही,” शेवटी ते म्हणाले. “तेल चोळायला सुरुवात झाली नव्हती, हे नशीब. धडधड कशाने झाली? कोण ओरडलं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी आतेकडे वळलो. “तुका सांगलंय होता ना!”

आतेला रडू फुटलं. “तू सगळ्याकच नको म्हणतंस रे! पायाक हात लावूक नको, वाकूक नको, देवाक नारळ नको. तेच्यातला खरा नको खंयचा, ता आमका कसा कळाचा?”

मी पडलेली कळशी उचलून जागेवर ठेवली. 

डॉक्टर आईच्या पायाखालच्या उशा दाबून पाहत होते. कापूस बसून त्या पोळीसारख्या झाल्या होत्या. “याखाली काहीतरी घट्ट हवं. पुस्तकं वगैरे आहेत का?”

“तेचे कागद आसत,” आई खाटेवरून म्हणाली. “माळ्यार. तीनशे.”

घडी घातलेल्या पत्रकांचे गठ्ठे खाली आले. आतेने ते दोरीने बांधले, वर उशी ठेवली, आणि पाय हवा तेवढा उंच झाला. “आणि पायथ्याशी तुम्ही बसा,” डॉक्टर मला म्हणाले. “ती जागा रिकामी दिसली की कोणीतरी बसणारच.”

मी महिनाभर तिथे बसलो. पायथ्याशी नुसतं बसणं मलाच बरं दिसेना, म्हणून आईच्या उजव्या तळव्यावर हात ठेवून बसू लागलो. लोक येत, आईचा पाय माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर टेकलेला बघत, मला पायथ्याशी बघत, आणि आईला समाधानाने म्हणत, “सुधारलो हो तुझो झिल!” मग ते डाव्या पायाकडे बघतही नसत. सूचना, तर्क, आरडाओरडा यांनी जे झालं नाही, ते माझ्या पराभवाने झालं.

पोटरीची सूज उतरली. महिन्याने डॉक्टरांनी पट्टी बांधून आईला उभं केलं. खाट ते उंबरठा, सात पावलं. ती उंबरठ्याशी पोचली, आणि तत्त्वं, जहाल मजकूर, सगळं विसरून मी तिच्या पायांशी वाकलो.

आईने डावा पाय झटकन मागे घेतला. “हात लावू नको!”

“डाक्टरान सांगल्यान,” मी विचारलं, “की माझ्या कागदान?”

“कागदान,” आई म्हणाली. “गठ्ठ्यातलो एक काढून घेतलंय. म्हयनोभर दुसरा काय होता वाचूक? पुरो पाठ झालो.”

माझं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली ती एकुलती एक वाचक. आणि तिलाही उठून जायला डॉक्टरांची मनाई होती!