मधली जागा

"फोटो तू काढ. तू फोटोत यायची काही गरज नाही."

हे मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकलं. हातात पिठाचा डबा होता, तो हातातच राहिला. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बोलत होते माझे सासरे आणि समोर उभी होती माझी धाकटी नणंद. नवऱ्याचं घर कायमचं सोडून ती नुकतीच पेटी घेऊन परत आली होती. घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. तो नातेवाइकांकडे जाणार, त्यात ही दिसणार, मग लोक विचारणार की ही इथे कशी?

"म्हणजे मी घरात आहे, पण फोटोत नाही," नणंद म्हणाली.

"तसंच समज."

"बरं. मग माझी जागा रिकामी ठेवा. मधली. नाहीतर मी कॅमेऱ्याला हात लावणार नाही, बोलवा बाहेरचा माणूस."

सासरे तापट होते, पण त्याहून जास्त चिकट. बाहेरच्या माणसापेक्षा रिकामी जागा परवडली त्यांना. त्या फोटोत सासूबाई आणि सासरे यांच्या मधोमध माणूसभर भिंत दिसते. ज्याच्या हातात फोटो गेला त्याने पहिलं हेच विचारलं, "इथे कोण होतं हो?" जे झाकायचं होतं ते सगळ्यांच्या तोंडी झालं. नणंद मात्र गालातल्या गालात हसत भांडी पुसत होती.

पुढे ती एका फोटो स्टुडिओत लागली. अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायची, वाळत घालायची, कडा कापायची. बोटांना औषधाचा वास कायम. मालकाने एक जुना कॅमेरा तिला देऊन टाकला. त्याला एक खिटी होती. ती ओढली की कॅमेरा थोडा वेळ कुरकुरायचा आणि मग आपला आपण फोटो काढायचा. पुढच्या वेळी आम्ही सगळे ओळीत उभे, मधे जागा सोडलेली. हिने खिटी ओढली, पदर खोचला आणि धावत येऊन सासऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली! त्या फोटोत सासऱ्यांचं तोंड असं उघडं आहे, जणू अंगावर पाल पडली.

तेव्हापासून आमच्या घरात पद्धतच पडली. फोटो म्हटला की मधे जागा सोडायची आणि तिथे ती धावत येणार. माझा मुलगा तर शाळेच्या फोटोतसुद्धा शेजारच्या पोराला कोपराने ढकलून जागा करायचा आणि बाईंची बोलणी खायचा.

सासरे गेले, सासूबाई गेल्या, माझे यजमानही गेले, नणंदेच्या गुडघ्यांनीही रजा घेतली. हातात काठी आली. आणि एक दिवस मुलगा म्हणाला, दोन्ही पोरांना घेऊन थीम पार्कला जायचं. पाळणे, पाण्यातल्या होड्या, खोटा राजवाडा. नात सहा वर्षांची, नातू चारचा. नवा कॅमेरा घ्यायचा ठरला, तेव्हा नणंद सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात.

दुकानात मुलाने उचलला तो हातभर लेन्सचा धटिंगण. नणंदेने तो गळ्यात घालून दुकानातल्या दुकानात एक चक्कर मारली आणि परत काउंटरवर ठेवला.

"याला दोन हात लागतात. पोराचा हात कोण धरणार? हे दुकानदार?"

"अगं आत्या, यातून लांबचं केवढं जवळ दिसतं!"

"तुझं पोरगं लांब गेलं तर फोटो काढशील की मागे पळशील?"

सून हळूच म्हणाली, "आत्या, फोन पुरे की."

"फोनवर तिकिटं, फोनवर नकाशा, रांगेत भोकाड पसरलं की फोनवर गाणी. दुपारपर्यंत त्याने मान टाकली, मग?"

शेवटी तळहाताएवढा कॅमेरा घेतला. पाण्याने बिघडत नाही, मनगटात अडकवायला दोरी. एक जादा बॅटरी. पार्कात उंच स्टँड नेऊ देत नाहीत, म्हणून वीतभर उंचीचा, पाय कसेही वळणारा स्टँड. तो कठड्याला विळखा घालून बसतो. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "आजी, हा रिमोट पण घ्या. जागेवर उभ्या राहा आणि दाबा. पळायला नको."

"ठेवा तुमच्याकडे. माझ्या जागेवर मी माझ्या पायांनी जाणार."

मी कोपर मारलं. तिने बघितलंसुद्धा नाही.

आणि मग तेच नडलं. राजवाड्यासमोर आम्ही ओळीत उभे, मधे जागा. तिने कॅमेरा कठड्याला बांधला, बटण दाबलं, दहा सेकंद. काठी टेकत निघाली, तर अर्ध्या वाटेतच लाल दिवा चमकला. फोटोत आम्ही पाच जण आणि तिची पाठ. पुन्हा दाबलं, पुन्हा पाठ. कॅमेरा जवळ आणावा तर कडेची नात कापली जाते.

"आत्या, कडेला उभी राहा ना, पटकन पोचशील," मुलगा म्हणाला.

"कडेला? मेले तरी कडेला उभी राहणार नाही."

"मग कुणाला तरी सांगते काढायला," सून म्हणाली. "ते बघा, ते काका चांगले दिसतात."

"माझ्याच घरच्या फोटोत मला घ्यायला परका कशाला लागतो गं?"

मागे लोक खोळंबले. पार्कचा रखवालदार आला. "आजी, आवरा. वाट अडली."

"आवरते. तुम्ही बाजूला व्हा, फोटोत याल."

तिसऱ्यांदाही पाठच आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात बटणाकडेच निघालेला. मला वाटलं, इतकी वर्षं राखलेली जागा आज इथे जाते.

तेवढ्यात सुनेने नातवाला बखोटीला धरून चार पावलं पुढे आणलं. मग मला ओढलं. "मधली जागा पुढे आणू या की! कडेचे दोघे मागेच राहा, हलू नका." मुलगा एका टोकाला, नात दुसऱ्या टोकाला, आम्ही मधले पुढे. ओळीचं झालं बाणाचं टोक आणि त्या टोकाला जागा.

नणंदेने सुनेकडे पाहिलं. "एवढं सुचत होतं तर तोंडात मिठाची गुळणी धरून का बसली होतीस?"

"तुम्ही बोलू द्याल तेव्हा ना!"

बटण दाबलं. काठी, पाय, काठी, पाय. ती आली, वळली, ताठ झाली. लाल दिवा चमकला. रखवालदारानेच टाळ्या वाजवल्या.

त्या फोटोत ती मधे आहे, सगळ्यांच्या पुढे आणि सगळ्यांहून मोठी. राजवाडा तिच्या खांद्यामागे खेळण्यासारखा दिसतो.

पुढच्या आठवड्यात ती प्रिंट आणायला निघाली. तिची ती शेवटची फेरी, पण तेव्हा कुणाला माहीत. मी म्हटलं, "अगं, मुलाला पाठवते की."

"तो कडा वाकड्या कापून आणतो," म्हणाली आणि गेली.

परत आली ती पाकीट पदराखाली धरून. एक प्रिंट सुनेच्या हातात दिली. एक माझ्या. तिसरी घेऊन भिंतीवरच्या सासऱ्यांच्या तसबिरीपाशी गेली. चौकटीत खोचलेला जुना फोटो काढला, नवा खोचला, बोटाने सरळ केला.

"बघा बाबा, मधे आहे," दर वेळी म्हणायची तसंच म्हणाली, आणि मग, "वहिनी, पाणी दे गं."