मूळ हिब्रूतला अर्थ

थोरले काका मुंबईच्या नोकरीतून निवृत्त होऊन वालावलला परतले, ते एक जाड बायबल आणि हिब्रू लिपी शिकवणारं एक पातळ पुस्तक घेऊन. साल दोन हजार तीन असावं. लिपी त्यांना अर्धीमुर्धीच येत होती. पण आमच्या गावात तेवढी येणाराही दुसरा कोणी नव्हता. त्यामुळे वाचनालयाने त्यांना दर रविवारी संध्याकाळी टेबल, खुर्ची आणि फुलदाणी दिली. विषय, आद्य मानवाच्या कथांचा अर्थ.

मी तेव्हा कुडाळला शाळेत शिकवत होते. माझे बाबा काकांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे. काका मुंबईत असेपर्यंत माडांची बाग बाबांनीच राखली. काकांनी आल्या आल्या बागेच्या मधोमध चिऱ्यांचा गडगा घातला आणि विहीर आपल्या बाजूला घेतली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. तरी बाबा मला म्हणाले, "जा गो, ऐकून ये. दादा ल्हानपणापासून बरो बोलता."

म्हणून गेले. त्या दिवशी काइन आणि हाबेल होते. आदामाचे दोन मुलगे. थोरला शेती करणारा, धाकटा मेंढरं राखणारा. देवाने धाकट्याचं अर्पण स्वीकारलं, थोरल्याचं नाही, आणि थोरल्याने शेतात नेऊन त्याला ठार मारलं. काका घरात मालवणी बोलत, इथे मात्र शुद्ध पुस्तकी मराठी.

"मूळ हिब्रूत हाबेल म्हणजे श्वास, वाफ," ते म्हणाले. "वाफ टिकते का? टिकतो तो काइन. जमिनीवर हक्क थोरल्याचा, आणि लाड मात्र धाकट्याचे. अन्याय कोणावर झाला, ते तुम्हीच ठरवा."

एका निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, "पण त्याने भावाला मारलं, त्याचं काय?"

"तुम्ही भाषांतर वाचता," काका दयेने हसले. पोस्टमास्तर ओशाळून खाली बसले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. चार अक्षरं गिरवलेल्या माणसापुढे अख्खं गाव मान डोलावत होतं, आणि मला दोघांचीही सारखीच किळस आली.

पुढच्याच आठवड्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. भर दुपारी आईने गडग्यापलीकडे हाका मारल्या. काकू धावत आली. काका ओटीवर वाचत बसले होते, ते तसेच बसून राहिले. बाबांना कुडाळच्या दवाखान्यात ठेवलं.

दोन दिवसांनी मी कपडे न्यायला घरी आले, तेव्हा मासे विकणारी बाई काकांच्या अंगणात टोपली उतरवून बसली होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"तुमचे धाकटे भाव दिसनत नाय. खंय आसत?"

"माका काय ठावक," काका बांगडे चाचपत म्हणाले. "तेची राखण करूक बसलंय काय मी?"

हाबेलला मारल्यावर देवाने काइनला हाच प्रश्न विचारला होता आणि काइनने हेच उत्तर दिलं होतं. त्या उत्तरातल्या एकेका शब्दावर काकांनी रविवारी अर्धा तास घालवला होता. आता तेच उत्तर स्वतःच्या तोंडून निघालं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. ते बांगड्यांचे कल्ले उघडून बघत राहिले. मी कपडे घेतले आणि निघाले.

पुढच्या रविवारी जलप्रलय होता. नोहाचं कुटुंब तरलं ते एकोप्यामुळे, असं काकांनी सांगितलं म्हणे. टाळ्या पडल्या.

बाबा घरी आले. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी काका गडग्याला वळसा घालून आले, हातात दोन शहाळी. बाबांनीच लावलेल्या माडाची. खुर्चीत बसून त्यांनी आहारावर उपदेश केला, एक यहुदी म्हणही ऐकवली. दवाखान्याचं नावही काढलं नाही.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "दादा इलो, बरा वाटला."

"बाबा, ते तुम्हाला बघायलाही आले नव्हते."

"ठावक आसा माका," बाबा म्हणाले. "कोयती हाड."

मी कोयती आणून एक शहाळं तासून दिलं. त्यांनी ते सावकाश संपवलं. दुसरं मी गोठ्यामागे फेकून दिलं. वाचनालयाची पायरी पुन्हा कधी चढले नाही.