पहिल्या आंघोळीचं तेल

आमचे हे रिटायर झाल्यावर काय करतील, याची काळजी सगळ्या नातेवाइकांना होती, मला सोडून. मला वाटायचं, जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसलेला गार्ड घरातही एखाद्या कोपऱ्यात गुपचूप बसेल. कुठलं काय! एका दुपारी रेल्वेतल्याच जुन्या मित्रासोबत कसल्याशा व्याख्यानाला गेले आणि येताना सुगंधी तेलांची पेटी उचलून आणली. तपकिरी काचेच्या इवल्या इवल्या बाटल्या. लव्हेंडर, लिंबू, वाळा, लवंग, निलगिरी, पुदिना. सोबत वाफ सोडणारं एक यंत्र, त्याला डिफ्यूजर म्हणतात. दिवाणखान्यातल्या टीव्हीशेजारी ते यंत्र मांडून म्हणाले, "आता पाहजो, या घरात डॉक्टरचं काही काम नाही."

गंमत अशी, की या माणसाला वासच येत नाही. ड्यूटीवर झोप येऊ नये म्हणून तपकीर ओढायची सवय लागली होती, ती पुढे सुटली, पण नाकाची वाट लावून गेली. माझ्या फोडणीत हिंग पडलं की नाही हे यांना कधी कळलं नाही. वरण करपलं तरी यांचं आपलं, छान झालंय. अशा माणसाने वासाचा छंद लावून घ्यावा, आता काय बोलावं! यंत्रात थेंब टाकायचे, नाक वर करून बसायचे, आणि काही येत नाही म्हणून आणखी थेंब टाकायचे. डोकं माझं दुखायचं.

ते मी सोसलं. पण एका संध्याकाळी देवासमोर समई लावायला गेले, तर काडी लावताच ज्योत भसकन वर आली. माझा पदर थोडक्यात वाचला. यांनी दुपारीच समईत लिंबाचं तेल ओतून ठेवलं होतं, देवघरात वास दरवळावा म्हणून. त्या दिवशी मी जी सुरुवात केली, ती रायपुरातल्या आमच्या अख्ख्या तात्यापारा मोहल्ल्याने ऐकली असेल. समोरचा दुकानदार भैया दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, दीदी, सब ठीक है ना. मी म्हटलं, ठीक नाही, पण चाललंय.

ही गोष्ट आमच्या सुनेच्या कानावर गेली. माझ्याच तोंडून गेली, खोटं कशाला बोलू. सून भिलाईची, मराठी घरातलीच, पण मराठी सगळं समजतं आणि उत्तर हिंदीत देते. सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे लोखंडाच्या, कारखान्यात ती सेफ्टी ऑफिसर आहे. कोणी हेल्मेट घातलं नाही, कोणी तापलेल्या भट्टीजवळ उगाच उभं राहिलं, की ही त्याला धारेवर धरते. घरी मात्र बोलणं मोजकं. तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवर होती. रविवारी नवा रायपुरातून आमच्या मुलासोबत आली, नातीला मांडीवर घेऊन बसली, आणि तिने कोणाच्या तरी वाढदिवसाची उरलेली थर्माकोलची प्लेट मागितली. तिच्यावर लिंबाच्या तेलाचे थेंब टाकले. आम्ही बघत होतो. बघता बघता प्लेटला भोक पडलं.

मी देवघरातल्या समईकडे पाहिलं. यांना मात्र इतका आनंद झाला, की उरलेल्या सगळ्या प्लेट्स काढून त्यांनी भोकं पाडली. सुनेने ते संपू दिलं आणि मग नियम सांगितले. ही फुलांची पाकळी नाही, बाबा, हा अर्क आहे, पोतंभर पानांचा जोर एका बाटलीत असतो. थेट अंगाला लावायचं नाही, साध्या तेलात थेंबभर मिसळून लावायचं, तेही आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. दिव्यात नाही, पोटात नाही. यंत्र चालू असेल तर खिडकी उघडी. बाळ घरात असेल तर यंत्र बंद. निलगिरी आणि पुदिना तर बाळाच्या आसपासही नकोत, इतक्या लहान जिवाचा श्वास अडकू शकतो. तिने पिशवीतून लाल टेप काढली, त्या दोन बाटल्यांना गुंडाळली आणि यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. लालचा अर्थ गार्डला वेगळा सांगायची गरज नव्हती.

हे सगळं दिवाळीच्या थोडं आधीचं. नातीची पहिली दिवाळी होती आणि ती आमच्याकडे व्हायची होती. नरक चतुर्दशीला पहाटे तेल लावून तिला पहिली आंघोळ घालायची, एवढ्या एकाच गोष्टीवर हे महिनाभर बोलत होते. आमच्या मुलाच्या पहिल्या दिवाळीला हे कुठेतरी सिग्नलला अडकलेल्या मालगाडीत होते. दुसऱ्या दिवाळीलाही तेच. पोरगा शाळेत गेला, कॉलेजात गेला, दरवर्षी पाटावर बसायचा आणि मी एकटी त्याला तेल लावायची. सणाला सुट्टी घरच्यांना, गार्डाला नाही. यांनी तक्रार कधी केली नाही, पण मला माहीत होतं. आपल्या हाताने लेकराला तेल लावायचं या माणसाचं राहून गेलं होतं.

सुनेला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने आपल्या पद्धतीने ठरवून टाकलं: तेल साधं तिळाचं, वासाचं काही नाही, आणि लावणार मम्मी, म्हणजे मी. बाबा जवळ बसून बघतील. समईचा प्रकार ऐकल्यावर मी तिच्या जागी असते तर मीही हेच ठरवलं असतं. हे "हव" म्हणाले. इतका बारीक हव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

धनत्रयोदशीला सकाळी मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले. परत येऊन बघते, तर हे दिवाणावर रजई पांघरून बसलेले. ऑक्टोबरात! दात वाजत होते, नाक लाल, डोळ्यांतून पाणी. "मले थंडी वाजून राहिली," म्हणाले. माझ्या हातातली फुलं तिथेच पडली. मलेरिया, दुसरं काय! कपाळाला हात लावला, तर ताप नाहीच, कपाळ गार आणि तेलकट. आणि मग तो वास आला. आपल्या घरात कोणीतरी पुदिन्याच्या चटणीचा डोंगर वाटून ठेवलाय असा वास.

रजई ओढली, तर माणूस डोक्यापासून पायापर्यंत तेलाने चमकत होता. स्वयंपाकघरात तिळाच्या तेलाची वाटी आणि शेजारी लाल टेपवाली बाटली, अर्धी रिकामी. मी विचारलं, "अहो, आज काहून तेल लावलं? आंघोळ तर उद्या आहे." यांनी एवढंच सांगितलं, की गरम पाण्याने धुवायला गेलो तर अजूनच गारठलो, अंगावर बर्फ फिरून राहिलाय. मला हसूही येत होतं आणि राग तर मावत नव्हता. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चिरकतो, तसा चिरकला.

आणि नेमकं तेव्हाच दारात सून. नात कडेवर. आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा कधीच नसते, म्हणून मुलगा या दोघींना कोपऱ्यावर सोडून पुढे गेला होता. तिने एक पाऊल आत टाकलं, श्वास घेतला आणि तेच पाऊल मागे घेतलं. नातीला छातीशी धरून ती बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिथून एकेक सूचना द्यायला लागली. ओरडली नाही. सगळ्या खिडक्या उघडा. पाणी नको, पाण्याने ते निघत नाही. आधी साधं तेल चोळा, भरपूर, मग जुन्या कापडाने पुसून काढा, मग साबण. डोळ्यांना हात लावू देऊ नका. श्वास घ्यायला त्रास होतोय का विचारा. मी आतून ओरडून सांगायची, नाही म्हणतात. ती बाहेरून सांगायची, फिर से पूछो मम्मी.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला असं तेल मी कधी चोळलं नव्हतं. घासता घासता मी जे तोंडाला येईल ते बोलत होते. अंगाखांद्याने धडधाकट माणूस या तेलाने असा थरथरला, तर ती एवढीशी पोर. माझ्या मनात सारखं तेच येत होतं आणि ते मला पुरं करवत नव्हतं.

थोड्या वेळाने यांचे दात वाजायचे थांबले. स्वच्छ सदरा घालून हे दारापाशी आले, पायरीपासून लांब उभे राहिले. सुनेने मागे वळून विचारलं, बाबा, हे केलं कशासाठी.

मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, अगं, तूच नाही का सांगितलंस, आधी मनगटाला लावून बघा म्हणून. तेच केलं बिचाऱ्यांनी. मनगटाऐवजी सगळ्या अंगाला लावलं, एवढंच. यांचा स्वभाव माहीत आहे ना तुला. मला वाटलं, छान सावरलं मी. सुनेच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरलाही. आता यांनी फक्त मान हलवायची होती.

"नाही बेटा," हे म्हणाले. "मी तपासून नव्हतो राहिलो. उद्या पोट्टीले लावायचं म्हणूनच बनवलं. तुले न सांगता." मग म्हणाले, "माझी आई दिवाळीले लावायची, त्या तेलाला वास होता. मले दुसऱ्या कोणत्याच बाटलीचा येत नव्हता, याचाच आला, म्हणून राहवलं नाही, आधी आपल्याच अंगाले चोपडून घेतलं. लाल पट्टी पाहिली होती मी. नोकरीत कधी लाल ओलांडला नाही. आज ओलांडला."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, झालं, संपलं. आता ही पोर उचलून नवा रायपुरला परत जाणार आणि आमची दिवाळी आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत करणार. मुलगा लांबून गाडी लावून घाम पुसत आला, काय झालं विचारायला लागला, आणि आम्ही तिघांनीही काही नाही म्हणून सांगितलं. सून गेली मात्र नाही. दुपारी तिने ती पेटी उचलून माळ्यावर ठेवली, वाटी घासून उन्हात टाकली, मला करंज्या भरायला मदत केली. पण दिवसभर यांच्याशी एक शब्द नाही. हे मागच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते, पान न उलटता. मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी दया येत होती, की मी दोन वेळा चहा नेऊन दिला आणि दोन्ही वेळा आपटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाट मांडला, रांगोळी काढली, तिळाचं तेल कोमट केलं. मी पदर खोचून बसले. हे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, बघायला. हात कोपरापर्यंत घासून लाल केले होते, कोणी सांगितलं नसताना. सून नातीला टॉवेलात घेऊन आली. मी हात पुढे केले, तर ती माझ्यावरून सरळ पुढे गेली आणि यांच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, हाथ दिखाइए. यांनी तळवे पुढे केले. तिने वाकून दोन्ही तळव्यांचा वास घेतला, नखांपाशी जरा जास्त वेळ. मग ती हिंदीतच म्हणाली, की प्लांटमध्ये चूक सगळ्यांकडून होते. जो लपवतो, त्याला मी भट्टीजवळ उभं करत नाही. जो बचाव तयार असतानाही खरं सांगतो, त्याच्या भरवशावर मी घरी जाऊन झोपते.

यांचे तळवे तसेच पुढे होते. त्यांना बहुतेक पुढचं कळलंच नव्हतं. तेव्हा तिने टॉवेलासकट नात त्यांच्या हातात दिली.

"बाबा, तेल तुम्ही लावा," ती म्हणाली.

मी उठले आणि पाटावरची जागा दिली. हे मांडी घालून बसले. तेलात बोट बुडवून आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितलं, गरम तर नाही ना. मग इतक्या हळू लावायला लागले, की मला राहवेना, म्हटलं, अहो, पोर आहे, काचेचं भांडं नाही. यांनी ऐकलंच नाही. पाय, पाठ, मग टाळू. पोरगी यांचा अंगठा धरून मजेत बघत होती, रडायचं तिच्या गावीही नव्हतं. सून भिंतीला टेकून उभी होती, मोबाईल हातात, पण फोटो काढायचं विसरली होती.

शेवटी यांनी वाकून नातीच्या टाळूला नाक लावलं आणि तसेच बसले, बराच वेळ. मी विचारलं, येतो का काही वास.

"येतो न," म्हणाले.

त्या नाकाला काय येतं आणि काय नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी गंगाळातलं पाणी बघायला गेले.